वाजणारा कॅमेरा

खांदेश्वर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सयाजीदादांस,
धनाजीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. फोन करत नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात आपल्या आबांना सगळं ऐकू जातं. कागदावरचं मात्र आता दिसत नाही.

वाशी मार्केटात टेम्पो गाळ्याला लावताना आबाच मागे उभे राहतात. फाळक्यावर एक थाप म्हणजे येऊ दे, दोन थापा म्हणजे थांब. आई गेल्यापासून हेच त्यांचं काम, आणि त्या जोरावरच ते दोन घास हक्कानं खातात. परवा दुसरी थाप उशिरा पडली. टेम्पो खांबाला लागला. मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनला भितात.

म्हणून मागे कॅमेरा बसवायचा आहे. एक नुसतं चित्र दाखवतो, म्हणजे आबांना सोबतीला ठेवता येईल. दुसरा मागे काही आलं की आपणहून वाजतो. मग माणूस लागत नाही. कोणता घेऊ?

धाकट्यावरची माया आटू देऊ नका.

तुमचा,
धनाजी


कोरेगाव, ११ फेब्रुवारी

चि. धनाजीस अ. आ.

पत्र पोचलं. तुला लहानपणापासून नव्या वस्तूंचा सोस. सायकलला ब्रेक नव्हता, तरी तू आधी घंटी आणलीस. तुझी उज्ज्वलावहिनी ते आठवून पोट धरून हसली.

वाजणारा घेऊ नकोस. आबा रिकामे झाले की तू त्यांना इकडे धाडशील, तेवढं मी ओळखतो. त्यांच्या खोलीत आम्ही कांदा भरलाय. भाव येईपर्यंत तरी त्यांना टेम्पोमागे उभं राहू दे. नजर गेली म्हणतोस, पण हात चालतात ना?

आबांना माझा दंडवत सांग. प्रेम आहेच, ते वाढव.

तुझा,
सयाजी


खांदेश्वर, २ मार्च

ती. स्व. दादांस सा. न.

सोमवारी महादेवाला बेल वाहिला आणि वाजणारा घेतला. तुमच्या पत्रानं मन घट्ट झालं.

पहिल्या दिवशी आबा सवयीनं मागे जाऊन उभे. मी रिव्हर्स टाकला, तशी पडद्यावर लाल रेघांच्या आत त्यांची टोपी दिसली आणि यंत्र ओरडायला लागलं. बाजूला व्हा म्हटलं, तर दुसऱ्या कडेला गेले. तिथंही वाजलं. हमाल हसायला लागले. आबांनी विचारलं, "मग मी कुठं उभा राहू?" मी म्हणालो, ते यंत्रालाच विचारा.

काल कळंबोलीला त्यांना ट्रॅव्हल्समध्ये बसवलं. हे पत्र येईतो पोचलेले असतील. कांदा थोडा सरकवा.

ट्रॅव्हल्स मागे यायला लागली तसे आबा खाली उतरले, चाचपडत पाठीमागे गेले आणि पत्र्यावर थाप मारून येऊ दे, येऊ दे म्हणू लागले. क्लीनरनं दंडाला धरून ओढलं. हा म्हातारा कुणाचा, म्हणून विचारलं. आबांनी माझ्या दिशेनं हात केला.

मी दुसरीकडे पाहिलं. त्यांना एवढं लांबचं दिसत नाही, हे बरं.

वहिनींना नमस्कार. आपल्या दोघांतला लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमचा,
धनाजी