दांडीला बांधलेली पट्टी

ता. ४
चि. धाकटीस,
अ. उ. आ. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. उजवा मनगटापर्यंत इस्त्रीच्या रोलरनं खाल्ला. होता तेव्हा तरी कुठे मोती सांडत होते! लेकाच्या घरी आहे. सून कशाला हात लावू देत नाही. मी नुसत्या येरझाऱ्या घालते.

लॉन्ड्रीवाल्यांचा कागद आला. म्हणे, रोलरपुढची दांडी मोकळी होती, तिला हात लागताच मशीन थांबतं, तेव्हा बाईनं मुद्दाम हात घातला, भरपाई नाही. मुद्दाम! मला काय वेड लागलंय? दांडी आपण रोज चादरीच्या पट्टीनं वर बांधतो, नाहीतर मशीन सारखं अडतं आणि मुकादम बोंबलतो. त्या दिवशीही बांधली होती. मग सोडली कोणी? तू शेजारीच होतीस. पंधराला कामगार कोर्टात सुनावणी आहे. गुळमुळीत लिहू नकोस.
तुझी अक्का

ता. ७
ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. पट्टी मीच सोडली. तपासणीला कोणी आलं की सोडायची, तीच सवय. तू किंचाळलीस नि वाटलं, आता सगळे धावत येतील, बांधलेली दिसली तर दोष तुझ्यावर जाईल. युनियनच्या सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पट्टी राहिली असती तर तोच पुरावा होता, आता निदान साक्ष द्या. दिली तर मुकादम मला काढणार. आमचे हे आधीच घरी बसलेत. जेवण जात नाही गं. तू सांगशील तसं करीन. शिव्या दे, पण लिही.
तुझीच, धाकटी

ता. १०
चि. धाकटीस,
अ. उ. आ. बावळट आहेस. रोलर थांबला कशानं, यावर मी कधीची डोकं खाजवतेय. स्विचपाशी कोणी पोचलंच नव्हतं. तू पट्टी सोडलीस, दांडी खाली येऊन माझ्या हाताला लागली, म्हणून थांबला. नाहीतर खांद्यापर्यंत गेले असते. एवढंही कळलं नाही तुला?

साक्षीला जा. कोर्टातल्या साहेबांना विचार, दांडी मोकळी होती तर मशीन बोटांशीच थांबायला हवं होतं, मनगटापर्यंत आलं कसं? बांधायचो सगळ्याजणी आणि मुकादम बघत उभा राहायचा, हेही सांग. रडू नकोस. रडलं की पाणी देतात आणि विषय बदलतात.

नोकरी गेली तर दोघं इकडे या. तुझे दोन नि माझा एक, भाकरीपुरते हात आहेत. लोभ असू दे, आणि आवाज मोठा असू दे.
अक्का