दार कोणी लावलं

३ फेब्रुवारी, सोमवार
दुरुस्ती. परवा लिहिलं की दार त्यानं लावलं. चूक. तपासणीच्या खोलीचं दार मीच लावलं. डोळे तपासायला अंधार लागतो. चष्म्याच्या दुकानात लागल्यापासून रोज मीच ते लावते. मालक म्हणाले, अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा मंद वाटतोय, बघ जरा. मी दार लावून दिव्याकडे वळले. कडी त्यांनी लावली. 'त्यांनी'! अजून आदरानंच लिहितेय. संस्कार, दुसरं काय. कडी त्यानं लावली.
त्यापुढचं लिहिलंय ते बरोबर आहे. पुन्हा लिहीत नाही.
पण पोलिसांकडच्या जबाबातही दार त्याच्याच नावावर गेलंय. उद्या जाऊन सांगते. शाळेत जाण्याआधी बाबांनीच घरी शिकवलं — आपली चूक आपण दाखवली की अर्धा गुण परत!

४ फेब्रुवारी, मंगळवार
अर्धा गुण मिळाला नाही.
ठाण्यातले साहेब म्हणाले, आज दार बदललंस, उद्या माणूस बदलशील. मग विचारलं, ओरडली का नाहीस? म्हटलं, बाहेर काचा घासायचं मशीन चालू होतं. "म्हणजे ओरडलीस?" नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. हवालदारबाई दारापर्यंत सोडायला आल्या. मायेनं म्हणाल्या, एकच काय ते ठरवून ये. खरं ठरवायचं असतं, हे बाबांनी शिकवायचं राहिलंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांना मालकाचा फोन. आवाज म्हणे अगदी मऊ. दार तर तिनंच लावलं, विचारा तिला. बाबांनी विचारलं. मी हो म्हटलं. पाढा चुकल्यावर बघायचे, तसे बघत राहिले.
आई म्हणाली, "दाराचं राहू दे ना गं, आहे तसं. कोण बघायला आलं होतं?" मावशीच्या मते तक्रारच सोडून दे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? नोकरी सुटली, म्हणजे मी पाण्यातही नाही. पण म्हणीपुढे कोणाचं चालतं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार
भाजीत मीठ नव्हतं. बाबा तेही बोलले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
माझ्याआधी दुकानात जी मुलगी होती, तिचा फोन. आमची ओळख नाही. दुकानातल्या मशीनवाल्याकडून नंबर घेतला म्हणे. मग म्हणाली, "दार तूच लावलंस, असं म्हणाला ना तो? मलाही हेच म्हणाला होता."
दोघी पोलिसांकडे जातोय. मंगळवारी, ११ फेब्रुवारीला. दुरुस्तीसकट.