निजलेल्या देवाचा दहीभात

सर, त्या सकाळी मी चटणी कुटून, भाकरीचं पीठ चाळून ठेवलं होतं. तुम्ही खानावळीच्या मागच्या पायरीवर ताट घेऊन बसलात आणि विचारलंत, "बाई, नळापाशी दगड कुणी मांडला?" शेंदूर ओलाच होता. मी हसत म्हणाले, "तुमचाच देव हाय, सर."

तुम्ही परदेशातल्या जुन्या भयकथांतल्या रचलेल्या देवांवर प्रबंध लिहीत होतात. जेवता जेवता पानं मला मोठ्यानं वाचायला लावायचात. "तुम्हाला कळलं तर परीक्षकांनाही कळेल!" नवरा गेल्यावर पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली मी, पण कळायचं. ते लेखक आधी देव रचायचे, मग त्याची साक्ष द्यायला कधीच नसलेला ग्रंथ रचायचे. एकाचा देव दुसरा आपल्या कथेत घ्यायचा. शेवटी वाचक तो ग्रंथ शोधत फिरायचे. त्या देवांना माणसाचा राग नाही, लोभ नाही. त्यातला एक जमिनीखाली निजलाय, तो कधीही उठेल, असंही तुम्ही लिहिलं होतं.

माझ्याकडं भांडी घासणाऱ्या बाईची दोन लेकरं भूकंपात गेली होती. लातूरला आल्यापासून ती छताखाली झोपली नव्हती. पाऊस आला तरी अंगणात, पोतं पांघरून. एकदा म्हणाली, "ताई, जिमीन परत हालंल का वं?" मी तिला तुमचा देव सांगितला. त्यानं कूस बदलली, आता लई वर्षं उठत न्हाई. हे शेवटचं माझं. तिनं विचारलं, "म्हंजे माझ्यावर राग नव्हता त्याचा?" "न्हाई गं." हे मात्र तुमचं. त्या दिवसापासून ती घरात झोपायला लागली, आणि तिनं दगड मांडला.

हे सगळं सांगितल्यावर मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही ताट बाजूला सारलंत. "तिला सांगा, हे कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलंय."

"सर, झोपली तर हाय ना ती."

"आणि पुन्हा हललं तर? नैवेद्य चुकला म्हणून ती स्वतःलाच दोष देईल. उद्या सांगा तिला."

मी तुमचं ताट उचललं. तुम्ही नंतर जेवायला आला नाहीत. नांदेडला बदली झाली, तिथंच वारलात. प्रबंध अर्धाच राहिला, असं कुणीतरी सांगितलं. त्याची पहिली वाचक मी, आणि मीच त्यातला रचलेला देव खरा करून टाकला, हे मनातून जात नाही.

आता गल्लीभर क्लासचे बोर्ड आहेत. डॉक्टरकीच्या परीक्षेची पोरं हॉलतिकीट त्या दगडाला टेकवून जातात. परवा एक मुलगी मलाच समजावत होती, "आजी, हा देव निजामाच्या आधीचा आहे, जुन्या पोथीत लिहिलंय." कोणती पोथी, ते तिला ठाऊक नव्हतं. सर, तेव्हा तुम्ही हवे होतात.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून लिहिते. तुम्ही सांगा म्हणालात, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नळावर आली. मी तिला ते सांगितलं नाही. दहीभात कालवला आणि तिच्या आधी जाऊन दगडापुढं ठेवला.