उस्तादांचा एकच हसरा फोटो

उस्ताद,

गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोटो शारजातल्या क्लबच्या भिंतीवर लागतोय. तुमच्या मुलीने आज दुपारी फोनवर दुजोरा दिला. ताजी गोष्ट आधी, कोणी सांगितली ते लगेच पुढे. बघा, न्यूज डेस्कवर तुम्ही लावलेली सवय तुम्ही गेल्यावरही सुटलेली नाही. आफ्रिकेतून आलेल्या ज्या काळ्या माणसांनी हे गाव घडवलं, त्यांची ती भिंत. मोती काढणारे, ढोल वाजवणारे, तुमच्या सुदानचे मास्तर, नर्सबाई. फक्त तुमची चौकट रिकामी होती. पासपोर्टवरचा फोटो मिळाला, पण मुलीने साफ नकार दिला. "यात बाबा कुणाची तरी बातमी कापायला निघालेत. असे नव्हते ते. हसरा नसेल तर चौकट रिकामीच राहू दे."

हसरा कुठून आणायचा? कॅमेरा दिसला की तुम्ही बाजूला व्हायचात. "बातमी लिहिणारा बातमीत नसतो," म्हणायचात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, पेपरातला माझा पहिला महिना आठवतो. मोठ्या ढोलाभोवती गोल धरून नाचतात, तो लेवा मी पहिल्यांदा बघून आलोय आणि फोटोखाली लिहिलंय, 'स्थानिक पथक ढोल वाजवताना.' तुम्ही चष्म्यावरून बघता.

"ढोल आपोआप वाजतात का?"

"नाही, उस्ताद."

"मग नावं कुठायत? फिर से जाओ. यल्ला!"

मी टॅक्सी करून परत. ढोलवाले काका खो खो हसले. "जन्मभर वाजवतोय, हबीबी. नाव विचारायला कुणी परत आलं नव्हतं." कॉफी ओतता ओतता त्यांनी सांगितलं, आजोबांना लहानपणी पकडून समुद्रापलीकडून इथे आणून विकलं, मोत्यांसाठी पाण्यात उतरवलं. सगळं गेलं, हातातला ठेका राहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नावं छापून आली आणि काकांनी दुकानातला पेपरांचा गठ्ठाच उचलला.

पुढे लेवा असला की आपण दोघंही जायचो. मी एकटा राहायचो, स्वतःच भाकरी थापून डब्यात आणायचो. तुम्ही पहिला तुकडा मोडून ओरडलात, "अरे, हे तर आमचं धान्य!" तुमच्याकडेही ज्वारीच, पण तुमची किसरा कागदासारखी पातळ. "तुझी भाकरी तुझ्या बातमीसारखी," तुम्ही म्हणालात, "जाड. आणि कडेला फाटलेली." आणि तरी सगळी संपवलीत.

तो फोटो सापडला, उस्ताद. केरळचा आपला फोटोग्राफर आता निवृत्त होऊन सामान बांधतोय, त्याच्या निगेटिव्हमध्ये. "तेव्हाच उस्तादांना दाखवला असता तर नोकरी गेली असती," म्हणाला. मागे ढोल, शेजारी काका, तुमच्या हातात भाकरी, तोंड भरलेलं आणि डोळे मिटेपर्यंत हसताय. मुलीला पाठवला, तिने मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "खलास. हाच."

गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर काका पडदा ओढतील, मग ढोल सुरू होतील. मला गोलात खेचतील असं दिसतंय. भाकऱ्या मी आणायच्या ठरल्यात.

आणि एक. फोटोच्या कडेला डबा धरलेला एक हात आलाय. फोटोखालच्या ओळीत सगळ्यांबरोबर त्या हाताचंही नाव मी घातलंय, आणि पाटी रंगवून झालीय. तुम्ही ते पहिलं कापलं असतं. म्हणून तर हे तुम्हाला वाचता न येणाऱ्या मराठीत लिहितोय.