माझ्या आधी हसण्याबाबत

श्री. साडूभाऊ यांस,

लिहून देतो ते असे: मी, गल्लीत 'मास्तर' या नावाने ओळखला जाणारा (एकही मुलगा न शिकवता), वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण, हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, आपल्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजेच नात्याने आपला थोरला साडू, पूर्ण शुद्धीवर असून रागात आहे. आपला खोकला कसा आहे? धाकट्या मेहुणीबाईंचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करतो. (आपल्या सहवासात तो आटोक्यात कसा राहतो, हे मला न सुटलेले कोडे आहे.) माझी प्रकृती मंगळवारपर्यंत उत्तम होती. आता नाही. कारण आपण.

हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीवरची ती मालिका आपण प्रथम मला सुचवलीत, तेव्हा 'असला पोरकटपणा या घरात चालणार नाही' असे मी सर्वांसमक्ष बजावले होते, व त्या मतावर मी आजही ठाम आहे. त्या कचेरीत काही घडतच नाही. एक साहेब आहे, तो बदलीची वाट पाहत रोज पेटी भरून ठेवतो. एक टंकलेखिका आहे, तिला लोकांच्या हरवलेल्या वस्तू अंगावर घालून पाहण्याची खोड आहे. पहारेकरी आहे, तो अंधाराला भितो. आणि छत्री शोधायला आलेला एक गृहस्थ पहिल्या भागापासून कोपऱ्यातल्या बाकावर बसून आहे, तो अवाक्षर बोलत नाही. यात हसण्यासारखे काय आहे, असे मी दारात उभा राहून पत्नीला विचारत असे. (उभ्याने पाहणे म्हणजे पाहणे नव्हे.) पुढे पाय दुखू लागले म्हणून बसलो. बसल्यावर ध्यानात आले, की त्यांतला एकटादुकटा कोणीच मोठा विनोदवीर नाही; पण साहेबाने पेटी उघडली की टंकलेखिका अंगावरची परकी शाल लपवायला धावते, त्या धांदलीत तिचा हात दिव्याच्या बटणावर पडतो, पहारेकरी किंचाळतो, आणि दिवा पुन्हा लागतो तेव्हा तो छत्रीवाला बाकावर फक्त पाय वर घेऊन बसलेला असतो. खिळा सुटा हातात घेतला तर नुसते शिसे. ओळीत बसवला की शब्द होतो. एवढे मी मान्य करतो. याहून जास्त नाही.

आता आपला अपराध. घरात बंदी जाहीर केलेली मालिका पाहुणा बोलावून दाखवणे मला शोभले नसते. म्हणून दर मंगळवारी फोन चालू ठेवून आपण आपल्या घरी व मी माझ्या घरी पाहावे असे ठरले. (ठरवलेत आपण. मी फक्त फोन खाली ठेवला नाही.) परंतु आपला टीव्ही माझ्या टीव्हीच्या पुढे धावतो! साहेबाने पेटीला हात लावायच्या आत आपण फोनमध्ये फिदीफिदी हसता. विनोद माझ्या घरी पोहोचतो तेव्हा तो आपला उष्टा झालेला असतो. मी डिशवाल्याला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, "आजोबा, तुमचा सिग्नल वर आभाळात जाऊन खाली येतो. उशीर होणारच." मी विचारले, "आणि आमच्या साडूंचा?" "त्यांची केबल. तारेतून सरळ." जन्मात एक गोष्ट आपण सरळ केली नाहीत, आणि टीव्ही तेवढा सरळ!

तरीही मी सहन केले. मंगळवारी मात्र कहर झाला. साहेबाची बदली खरोखरच आली. टंकलेखिकेने शाल काढून घडी घातली. दिवा गेला, आणि पहारेकरी किंचाळला नाही. दिवा आला तेव्हा छत्रीवाला उभा होता. तो माणूस आता तोंड उघडणार! माझ्या पत्नीने माझा हात घट्ट धरला (हे तिने फार दिवसांत केले नव्हते), आणि तेवढ्यात फोनमधून आपण ओरडलात, "अहो मास्तर, याची छत्री हरवलीच नव्हती हो! घरी कोणी नाही म्हणून येऊन बसत होता!" मग माझ्या पडद्यावर त्या बिचाऱ्याने तेच सांगितले. सगळी कचेरी रडली. मला ती बातमी शिळी होती. मी फोन आपटला. तेव्हापासून आपण करत असलेला एकही फोन मी उचललेला नाही व उचलणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ मागण्याची रीत आहे. मी मागत नाही.

आपला,
थोरला साडू

ता. क. आपण केबल काढून डिश घ्यावी, म्हणजे दोघेही सारखेच मागे राहू. खर्च आपला.

आणखी एक. काल जुना भाग पुन्हा दाखवला. तो मी फोनशिवाय पाहिला. माझ्या आधी कोणीही हसले नाही. मीही हसलो नाही. टीव्हीत बिघाड असावा असे मला वाटले; पत्नी म्हणते, टीव्ही ठीक आहे. येत्या मंगळवारी शेवटचा भाग आहे. दोन टीव्हींचे भांडण एका टीव्हीने मिटते, असेही तिचे मत आहे. माझे मत मी राखून ठेवतो. कोचावरची वर्तमानपत्रे मात्र उचलली आहेत.

समक्ष हजर साक्षीदार: सूनबाई, हिने सही केली आहे. दुसरी साक्षीदार माझी पत्नी, म्हणजे आपली थोरली मेहुणी. ती सही करण्यास नकार देते. म्हणते, "एवढं मोठं पत्र लिहिलंत, आणि जे लिहायला बसलात तेच नाही यात. ते लिहा, मग करते सही." एका साक्षीवर पत्र रवाना करणे मला मान्य नाही. तेव्हा नाइलाजाने लिहितो.

या.