बाळाला कोण बघणार?

५ जाने., सोमवार

पहिली मुलाखत. स्टँडजवळचं प्रसूतिगृह. सासूबाई मनूला घेऊन सोबत आल्या, कारण मुलाखतीला किती ताटकळत ठेवतील सांगता येत नाही आणि मनू माझ्याशिवाय कुणाच्या हातचा थेंब घेत नाही. बाटली नाही, वाटी-चमचा नाही. दोघी समोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसून.

डॉक्टरांनी फाईल उघडलीच नाही. "पार्ट टाइम म्हणजे नाईट ना?" म्हटलं, नाही सर, सकाळचे चार तास. "असं काही नसतं सिस्टर." मग, "बाळ केवढं?" सात महिने. "बाळाला कोण बघणार?" सासूबाई. "हं. वर्षाची झाली की या."

सहा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली, त्यावर एक प्रश्न नाही. नितीन मनूचा बाप, पण तिच्या बारशानंतर चौथ्या दिवशी जयगडच्या बंदरावर कामाला गेला. त्याला गेटवर कुणी विचारलं असेल, बाळाला कोण बघणार?

७ जाने.

नितीन नाईट करून आला, चहा पिता पिता म्हणाला, "या महिन्याअखेरपर्यंत काम बघ. नाहीतर जयगडलाच खोली घेऊ. रोजचं जाणं-येणं जीव काढतं माझा."

चूक म्हणता येत नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय. पण जयगडला मी काय करू? एक दवाखाना, तिथे डॉक्टरांची बायकोच सिस्टर. जुन्या हॉस्पिटलने रजा संपताच सांगितलं होतं, तिन्ही शिफ्ट फिरत्या कर, नाहीतर राजीनामा दे. दिला. तेव्हा वाटलं होतं, रत्नागिरीत काय, दहा हॉस्पिटलं आहेत.

नितीनशी हे सगळं बोलायचं होतं. "बघते" एवढंच बोलले.

९ जाने.

जाहिरात बघून फोन केला. बाई गोड बोलत होत्या, अनुभव विचारला, कधीपासून येऊ शकाल विचारलं. तेवढ्यात मनूने भोकाड पसरलं. "बरं बरं, तुमचं चालू दे, आम्ही कळवतो."

कळवणार नाहीत. मी मनूवर ओरडले. ती आधी गप्प झाली, मग अशी बघत राहिली माझ्याकडे. लाज वाटली.

१४ जाने., संक्रांत

मनूचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. बोरं-चुरमुरे डोक्यावर पडले तेव्हा घाबरली, मग हसायला लागली. आळीतली सगळी पोरं गोळा. इतकी गोड दिसत होती की मुलाखती-बिलाखती विसरून गेले होते.

नितीनची आत्या: "आता काय, जयगडला जाणार म्हणे." म्हणजे याने सगळ्यांना सांगूनही टाकलं. अजून महिना संपलेला नाही.

तिळगूळ घ्या, गोड बोला. रात्री आम्ही दोघं बोललोच नाही.

१६ जाने.

मारुती मंदिराजवळच्या मुलांच्या हॉस्पिटलमधून बोलावणं. उद्या सकाळी. सकाळची सिस्टर लग्न करून पुण्याला गेली, त्यांना खरंच नऊ ते एक कुणीतरी हवं आहे. माझंच काम, माझाच वॉर्ड.

ठरवलंय. या वेळी बाळ दीड वर्षाचं सांगायचं. जेवतं, खेळतं, अंगावरचं सुटलं. एकदा आत शिरू दे, मग काम बोलेल. कुणाला सांगितलं नाही. नितीनला तर नाहीच.

१७ जाने.

काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात गरगरत राहील.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. बाळ केवढं? दीड वर्षाचं. कोण बघणार? सासूबाई आहेत. पटकन बोलून गेले, जिभेला काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, "जा, इनचार्जना हात दाखव."

इनचार्ज सिस्टरनी एका जुलाबाच्या बाळापाशी नेलं. बाळ पार सुकलेलं, शीर मिळत नव्हती, दोघींनी आधीच टोचून सोडलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून उभी. मी बसले, हात चोळून गरम केले, पायाच्या घोट्यापाशी बोटाने चाचपलं. लागली. पहिल्याच सुईला. सलाईन पडायला लागलं तसं मला रडू आलं, ते दाबलं. इनचार्ज म्हणाल्या, "बरंय." त्यांच्या तोंडून बरंय म्हणजे पुष्कळ.

बाहेर आले तर बाकावर बसवलेल्या सासूबाई नाहीत. मनू नाही.

दोघी मॅडमच्या केबिनमध्ये!

रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "आजी, बाळाला दाखवायचंय?" आणि आमच्या सासूबाईंनी केसपेपर काढला. मनूचं नाक दोन दिवस गळतंय. मुलांच्या डॉक्टरच्या दारात येऊन नुसतं बसून राहायचं हे त्यांना पटेचना. नंतर मला म्हणाल्या, "आलोच आहोत तर दाखवून घेतलं. वायच सर्दीच होती, पण बसून काय करायचं गो?"

मी दारात पोचले तेव्हा मॅडम विचारत होत्या, "महिने किती?"

"सातवा सरून आठवा लागला. आत्ताच बोरन्हाण केलाव."

"वरचं काय घेते?"

"काय्येक नाय घेत हो! आयशीच्या अंगावरच. ती काय, आली बघा. मुलाखतीला गेलेली आत."

मॅडमनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मनूकडे बघितलं. नाकात घालायचे थेंब लिहून दिले. "फोन करते," एवढंच. कुणाला म्हणाल्या तेही कळलं नाही.

रिक्षात मी बाहेर बघत बसले. सासूबाई विचारत राहिल्या, "काय झालं? काम जमलं ना? मग?"

१८ जाने., रविवार

सकाळी भांडी आपटत होते. सासूबाईंनी हातातलं पातेलं काढून घेतलं. "काय ते बोल एकदा."

सांगितलं सगळं. वाटलं, ओरडतील. त्यांनी पातेलं घासायला घेतलं. मग, "खोटं बोलायचंच होतं तर मला सांगायचंस! मी काय, दोन वर्षांची सांगितली असती."

हसू आलं आणि त्यातच रडू आलं. त्याही पदराने डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं गेलं गो तुझं काम." म्हटलं, नाही आई, माझ्या तोंडामुळे गेलं.

मग त्यांनी सांगितलं, नितीन पाच महिन्यांचा असताना त्याला घरी टोपलीत निजवून त्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायच्या. "तेव्हा कोण विचारीत होता, पोराला कोण बघतो म्हणून? कोळंबी सोललीस काय, एवढाच विचारायचे."

२० जाने.

फोन नाही. नितीन खोली बघून आला. "दोन मिनिटांवर गेट. मागे विहीर आहे, पाणी बारमाही."

२१ जाने.

इनचार्जचा फोन!! "मॅडम म्हणतात, मंगळवारी ये. नऊ ते एक. एक दिवस बघू. पुढचं नंतर." मी सॉरी म्हणायला लागले तर मध्येच तोडलं. "ते मॅडमना सांग. आणि ऐक, बाळ इथे आणायचं नाही, आजारी मुलांत नको. घरी राहिली तर तू राहशील. घरून बोलावणं आलं तर पुन्हा यायचं नाही. रागावून सांगत नाहीये."

म्हणजे आता सगळं मनूच्या हातात. हातात कसलं, तोंडात.

२२ जाने.

सासूबाईंनी माळ्यावरून बाळाला दूध पाजायचं बोंडलं काढलं. नितीनचं. पितळी, चोचीला जरा पोचा आलेला. कल्हई करून आणली. पाजण्याचा सराव सुरू. मनूने थुंकून दिलं. माझ्या गाऊनवर, सासूबाईंच्या चष्म्यावर.

२३ जाने.

नाही.

नाचणीचं सत्त्व पातळ करून, माझंच दूध काढून, दोन्ही झालं. ओठ घट्ट मिटते. सासूबाई म्हणतात, "तू समोर असतेस म्हणून. समोर ताट वाढलेलं असताना डबा कोण उघडील? तू जा."

२४ जाने.

गेले. मांडवीच्या किनाऱ्यावर तासभर. पोरं क्रिकेट खेळत होती, एक बाई भेळ खात होती, सगळं कसं सुट्टीसारखं. माझं लक्ष फोनवर. दुधाने कुर्ता भिजला, ओढणी पुढे घेऊन बसले.

परत आले तर आवाज कोपऱ्यापासूनच ऐकू येत होता. रडून रडून लाल. बोंडलं भरलेलं तसंच. नितीनने तिला माझ्या अंगावर दिली आणि म्हणाला, "कशासाठी चाललंय हे, सुप्रिया?"

चिडून नाही विचारलं. चिडून विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

२५ जाने.

उत्तर आज दिलं. त्या सुकलेल्या बाळाची शीर लागली तेव्हा मला काय वाटलं ते सांगितलं. मनूवर माझं प्रेम आहे, पण त्या क्षणी मला ती आठवली नव्हती, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "खोलीवाल्याला मी तीस तारखेपर्यंत थांबवलंय." एवढंच. पण थांबवलंय.

२७ जाने., मंगळवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लवकर पोचले.

निघण्याआधी मनूला पोटभर पाजलं. जुना युनिफॉर्म कमरेत घट्ट होतोय, पिन मारली. ती खुदकन हसली, पिनेकडे हात केला. सासूबाईंनी उचलून आत नेली आणि कडी घातली. नितीन नाईट करून आलेला, झोपला नव्हता. बाहेर ओट्यावर माझ्याजवळ उभा.

आत मनू रडायला लागली. पोट भरलेलं असूनही. त्याने कडीला हात घातला तर सासूबाई आतून, "खबरदार! तूही असाच बोंबललास. मेलास काय?"

नितीन माझ्याकडे बघून हसला. कितीतरी दिवसांनी.

रिक्षा आली. आणि एकदम आतला आवाज थांबला.

बोंडलं घेतलान की दमून झोपली, कळायला मार्ग नाही. हाक मारली असती तर कळलं असतं. माझा आवाज ऐकून पुन्हा रडली असती. नितीननेच माझी पिशवी रिक्षात ठेवली. "जा. मी आहे," म्हणाला.

मनू गप्प झाली याचा आनंद व्हायला हवा ना? झाला नाही.

मॅडम आता आत गेल्या. मान हलवली, थांबल्या नाहीत. सॉरी राहिलंच.

रिसेप्शनवरची मुलगी फोन मागतेय. ड्युटीवर फोन तिच्या ड्रॉवरमध्ये द्यायचा, असा नियम. "वाजला तर सांगीन सिस्टर," म्हणते. अजून वाजलेला नाही. देते.

वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडायला लागलंय. उठते.