दुसरा हात

जुईनगर, रविवार

प्रिय संघमित्रा,

सप्रेम जय भीम. ताईचे गुडघे कसे आहेत? तेल लावते का, की बाटली नुसती कपाटात शोभेला? दाजींचा खोकला थांबला? तुमचा रोहन हे पत्र न्यायला माझ्यासमोरच बसलाय. एपीएमसीच्या बाजारात गोण्या उचलून पाठ धरलीय म्हणतो. राहता राहिलीस तू. जेवत नाहीस म्हणे. फोनही उचलत नाहीस, म्हणून कागद धरला.

तू यायची थांबलीस आणि लॅब ओकीबोकी झाली. तू मामा म्हणायचीस, म्हणून अख्ख्या लॅबनं मला मामा केलं. सातवी शिकलेला लॅबचा शिपाई मी. ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ, एवढंच ठाऊक. तू समजावलंस, की हा प्लास्टिकसारखा वाकणारा ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या पोटात वीज अडवणारा पॉलिमरचा पातळ थर. थर खडबडीत राहिला, की वीज वाहून नेणारे कण त्याच्या खळग्यांत अडकतात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या गल्लीतली रिक्षाच की! केवढी हसलीस तेव्हा.

आता मीच तसा अडकून पडलोय, पोरी. परवा मीटिंगमध्ये तुझे गाईड सर सगळ्यांदेखत तुला म्हणाले, मॅडम, जादू काय एकदाच चालते? तुझ्या एका खेपेच्या बारा काचांवरचे ट्रान्झिस्टर सोन्यासारखे चालले, पुढचे सारे फसले. म्हणजे पहिले आकडे तू मनानंच घातलेस, असं त्यांचं म्हणणं. उद्या तुला तसं लिहून सही करायला बोलावलंय. मी चहाचा ट्रे धरून तिथंच उभा होतो. माझं कंत्राट याच महिन्यात नवं व्हायचंय, आणि सांगितल्याबाहेर काही केलं की थेट घरी, हा सरांचा नियम. चहा वाटला आणि मान खाली घालून बाहेर आलो.

काय झालं ते आता ऐक. त्या बारा काचांच्या वेळी तू तापानं घरी होतीस. थर मीच दिला. भिंगाखाली धरला, तर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं. गावाकडं आई जमीन सारवायची, तेव्हा म्हणायची, पहिला हात पक्का सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये. म्हणून तो थर भट्टीत चांगला पक्का केला आणि वरून पातळसा दुसरा हात दिला, भोकं बुजली. लॅबच्या वहीत मात्र एकच थर लिहिला, कारण तू दिलेल्या कृतीच्या कागदावर एकच होता. पुढच्या काचा तू वहीबरहुकूम केल्यास, एकाच थराच्या. एवढ्याशा हातानं काय होणार, असं वाटलं होतं मला. परवा ट्रे हातात असताना उमगलं, की फरक त्या दुसऱ्या हातानंच पडला. उद्या सरांच्या आधी जाऊन दारात उभा राहणार आहे. एका हाताची काच आणि दोन हातांची काच, दोन्ही त्यांच्यासमोर करून दाखवीन. मग काढू देत मला. तू फक्त सही करू नकोस. रागाचं असो, शिव्यांचं असो, रोहनच्याच हाती आजच्या आज दोन ओळींचं उत्तर धाड.

तुझाच,
अंकुशमामा